बारावीच्या बायोलॉजीची रिव्हिजन ग्रुपमधे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ग्रुप स्टडीला चाललो असं घरी सांगितलं की आई नुसतं बघते आणि बाबा विचारतात, अभ्यास की टवाळक्या? आणि खरं सांगू का, बऱ्याचदा त्यांचा संशय बरोबरच असतो. चारजण जमतात, चारही पुस्तकं एकाच पानावर उघडतात, दहा मिनिटं शांतता, मग एकाला काहीतरी आठवतं, मग चहा येतो, मग पोहे येतात, आणि संध्याकाळी घरी जाताना मस्त अभ्यास झाल्यासारखं वाटतं पण डोक्यात गेलेलं असतं ते फक्त पोह्यांचं. हे होतं कारण सगळे मिळून वाचत बसतात. वाचायला ग्रुप कशाला पाहिजे? ते आपापल्या घरी होतं, उलट जास्त चांगलं होतं. ग्रुपमधे करायच्या गोष्टी तीनच, विचारणं, समजावून सांगणं आणि एकमेकांचं लिहिलेलं तपासणं. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा. हे सगळं महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी सायन्सवाल्यांसाठी लिहितेय, सीबीएसईवाल्यांनी आपल्या पॅटर्नप्रमाणे जुळवून घ्या.

आधी माणसं ठरवा

चार म्हणजे बेस्ट. तीनही चालतील. सहा झाले की दोन गट पडतात आणि एक गट क्रिकेटवर जातो. सगळेच टॉपर असायची गरज नाही, पण चौघांचंही पुस्तक निदान एकदा वाचून झालेलं हवं. ज्याने अजून पुस्तकाचं प्लास्टिकचं कव्हर पण मळवलेलं नाही त्याला मैत्रीखातर घेऊ नका, तो वाईट आहे म्हणून नाही, तर उरलेल्या तिघांचा वेळ त्याला पहिल्यापासून शिकवण्यात जातो आणि तोही बिचारा कानकोंडा होऊन बसतो. त्याला म्हणावं आधी दोन धडे वाच मग ये.

अजून एक, ग्रुपमधे एक तरी असा पाहिजे ज्याला "मला नाही कळलं" म्हणायला लाज वाटत नाही. असा माणूस सोन्यासारखा असतो, कारण त्याला समजावताना बाकीच्यांचं आपल्याला येतंय असं जे वाटत असतं ते फुटतं.

जागा आणि वेळ

अभ्यासिकेत बोलता येत नाही, तिथे एकट्याचा अभ्यास. ग्रुपसाठी कोणाचं तरी घर, गच्ची, सुट्टीच्या दिवशी कॉलेजमधला रिकामा वर्ग, गावाकडे असाल तर देवळाचा सभामंडप पण चालतो, फक्त आरतीची वेळ सोडून. ज्यांच्या घरी जमताय त्या काकूंना आधीच सांगा की काही करू नका, आम्ही डबा आणतो. त्या तरी पोहे करणारच, पण निदान रोज करणार नाहीत.

दोन तास पुरे. मधे एकदा पंधरा मिनिटं ब्रेक. मोबाईल सगळ्यांचे एका पिशवीत आणि पिशवी दुसऱ्या खोलीत. वेळ बघायला मनगटी घड्याळ आणा, नाहीतरी परीक्षेला ते लागणारच आहे. आणि सुटायची वेळ आधीच पक्की करा, लांबून एसटीने येणाऱ्यांची शेवटची गाडी असते, मुलींना घरून फोन यायला लागतात, मग शेवटचा अर्धा तास सगळ्यांचं लक्ष दाराकडे.

पेपर समजून घ्या, पुस्तक नाही

पहिल्या दिवशी एकही धडा उघडू नका. मागचा एक बोर्डाचा पेपर घ्या आणि चौघांनी मिळून नुसता तो बघा. थिअरी 70 मार्कांची, तीन तास, आणि प्रॅक्टिकल 30 चं. थिअरीत चार सेक्शन. ए मधे दहा एमसीक्यू आणि एकेका मार्काचे आठ छोटे प्रश्न, म्हणजे 18 मार्क, इथे ऑप्शन नाही. बी मधे दोन मार्कांचे बारापैकी आठ, सी मधे तीन मार्कांचे बारापैकी आठ, आणि डी मधे चार मार्कांचे पाचपैकी तीन. बेरीज करून बघा, 70 येते. तीन तास भागिले 70 केलं तर एका मार्काला अडीच मिनिटं मिळतात, म्हणजे चार मार्कांच्या उत्तराला साधारण दहा मिनिटं, आकृतीसकट. हे घड्याळ लावून करून बघेपर्यंत दहा मिनिटं किती कमी असतात ते कळत नाही.

पेपरवरच्या सूचना पण मोठ्याने वाचा, कोणीच वाचत नाही त्या. एमसीक्यूत नुसतं ए बी सी डी लिहिलं तर मार्क नाही, नुसतं उत्तर लिहिलं तरी नाही, अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. आणि पहिल्यांदा लिहिलेलंच धरतात, खोडून खाली पुन्हा लिहिलेलं धरत नाहीत. प्रत्येक सेक्शन नव्या पानावर. हे फुकटचे मार्क आहेत आणि ते जातात बायोलॉजी येत नाही म्हणून नाही तर सूचना वाचल्या नाहीत म्हणून.

नीटवाल्यांसाठी खास. नीटमधे 180 पैकी 90 प्रश्न बायोलॉजीचे, त्यामुळे तुमचा विषय तयार असतो हे मान्य, पण दोन वर्षं नुसते गोळे काळे करून हाताला लिहायची सवय राहिलेली नसते. ऑप्शन समोर असला की ओळखता येतं, कोरं पान समोर आलं की वाक्य सुचत नाही. शिवाय तुम्ही वाचलंय एनसीईआरटी आणि बोर्डाचा पेपर येतो बालभारतीवरून, तेव्हा धड्यांमागचा स्वाध्याय तरी एकदा सोडवाच.

धडे वाटून घ्या

बालभारतीच्या पुस्तकात 15 धडे आहेत. चौघांत तीन-चार वाटणीला येतात. वाटून घेणं म्हणजे बाकीचे धडे वाचायचे नाहीत असं नाही हां! वाटून घेणं म्हणजे त्या धड्याचा "मालक" तू, प्रश्न तू काढून आणायचे, कोणी अडलं तर समजवायचं तू. वाटताना एक युक्ती करा, ज्याला जो धडा नकोसा वाटतो तोच त्याला द्या. जेनेटिक्सला घाबरणाऱ्याला जेनेटिक्स. पहिले दोन दिवस शिव्या घालेल, पण दुसऱ्यांना शिकवायचंय म्हटल्यावर माणूस झक मारत समजून घेतो.

इकोसिस्टिम, बायोडायव्हर्सिटी हे शेवटचे धडे सोपे म्हणून सगळे मागे ठेवतात आणि मग ते राहूनच जातात. ते एकदम सुरुवातीला एका बैठकीत उरकून टाका. रेस्पिरेशन-सर्क्युलेशन आणि कंट्रोल-कोऑर्डिनेशन हे दोन मोठे आहेत, त्यांना प्रत्येकी दोन बैठका ठेवा.

बैठक चालते कशी

मालकाने घरून पंधराएक प्रश्न लिहून आणायचे, छोटे-मोठे मिक्स. पुस्तकं बंद. प्रश्न विचारला की लगेच उत्तर ओरडायचं नाही, आधी प्रत्येकाने रफ वहीत लिहायचं, मग एकाने बोलायचं. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण ग्रुपमधे एक हुशार असतोच, तो उत्तर देतो, बाकीचे "हां हां तेच" म्हणून माना डोलावतात, आणि त्यांना वाटतं आपल्यालाही येत होतं. येत होतं का? वहीत दाखव.

काही धडे मात्र बसून होत नाहीत, उभं राहून करायचे. हार्ट घ्या. चौघंजण म्हणजे चार कप्पे, तयारच आहात. खोलीत चार कोपऱ्यात उभे राहा, राइट ॲट्रियम, राइट व्हेंट्रिकल, लेफ्ट ॲट्रियम, लेफ्ट व्हेंट्रिकल. एक वही म्हणजे रक्त. वही पुढच्याला देताना मधला व्हॉल्व्ह किंवा रक्तवाहिनी मोठ्याने बोलायची. व्हेना केव्हामधून राइट ॲट्रियम, तिथून "ट्रायकस्पिड" म्हणत राइट व्हेंट्रिकल, मग "पल्मनरी आर्टरी, लंग्ज, पल्मनरी व्हेन" एवढं सगळं बोलून वही लेफ्ट ॲट्रियमकडे, मग "बायकस्पिड", मग लेफ्ट व्हेंट्रिकल आणि शेवटी "एओर्टा" म्हणून वही दिवाणावर फेकायची, दिवाण म्हणजे बाकीचं शरीर. जो अडखळला त्याच्यापासून परत सुरू. दोन फेऱ्यांत लक्षात येतं की आर्टरी असूनही पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त का असतं, कारण वही अजून लंग्जला पोचलेलीच नसते. काकू दारात येऊन बघतात हे काय चाललंय, बघू द्या.

मग तिथेच उभे राहून कंडक्टिंग सिस्टिम म्हणा, एसए नोड, एव्ही नोड, बंडल ऑफ हिज, पर्किंजे फायबर्स. आणि आकडे, कार्डिॲक सायकल 0.8 सेकंदाची, त्यात ॲट्रियल सिस्टोल 0.1, व्हेंट्रिक्युलर सिस्टोल 0.3 आणि जॉइंट डायस्टोल 0.4. स्ट्रोक व्हॉल्यूम 70 मिली, मिनिटाला 72 ठोके, गुणाकार केला की 5040 मिली, म्हणजे साधारण पाच लिटर कार्डिॲक आउटपुट. आकडे पाठ करण्यापेक्षा गुणाकार करायची सवय लावा, विसरलात तरी काढता येतो.

मॉलिक्युलर बेसिसच्या, म्हणजे डीएनएच्या धड्यात प्रयोगांची सरमिसळ होते सगळ्यांची. तिथे एकेकाला एकेक प्रयोग द्या आणि तो शास्त्रज्ञ बनून सांगू द्या. 1928 चा ग्रिफिथ म्हणेल मी उंदरांना काय टोचलं, हीट देऊन मारलेले एस (आजार करणारे) बॅक्टेरिया आणि जिवंत आर (आजार न करणारे) एकत्र टोचल्यावर उंदीर मेला, पण का ते मला कळलं नाही. 1944 चे एव्हरी, मॅक्लिऑड, मॅकार्टी म्हणतील ते आम्ही शोधलं, तो डीएनए होता. 1952 चे हर्शे-चेस फेज, म्हणजे बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस, घेऊन येतील, डीएनएला रेडिओॲक्टिव्ह फॉस्फरस आणि प्रोटीनला रेडिओॲक्टिव्ह सल्फर. 1958 चे मेसेल्सन-स्टाल जड नायट्रोजन घेऊन. प्रत्येकाने आधीच्याला "तुझं काय राहिलं होतं" हे सांगून सुरू करायचं. असं केलं की साल पाठ करावं लागत नाही, क्रम आपोआप बसतो, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न असतो. आणि बाकीच्यांनी आडवे प्रश्न विचारायचेच, सल्फरच का घेतला? कारण डीएनएमधे सल्फर नसतो आणि प्रोटीनमधे असतो. फॉस्फरसचं बरोबर उलटं.

आकृत्या

इथे ग्रुपचा खरा उपयोग, कारण आपली आकृती आपल्याला नेहमीच बरोबर दिसते. पद्धत अशी, चौघांनी एकाच वेळी, न बघता, पेन्सिलने, पाच मिनिटांत तीच आकृती काढायची. मग वही उजवीकडच्याला द्यायची आणि त्याने पुस्तक उघडून लाल पेनाने तपासायची.

ॲनॅट्रोपस ओव्ह्यूलचं (फुलातल्या उलट्या वळलेल्या बीजांडाचं) घ्या. ही आकृती म्हणजे चुकांचं माहेरघर आहे. तपासताना पहिल्यांदा मायक्रोपाइल कुठे काढलंय ते बघा, ओव्ह्यूल उलटा वळलेला असतो त्यामुळे मायक्रोपाइल फ्युनिकलच्या जवळ यायला पाहिजे, बरेचजण ते वरच्या टोकाला नेऊन ठेवतात. मग एम्ब्रियो सॅक, मायक्रोपाइलच्या बाजूला एग सेल आणि दोन सिनर्जिड, समोरच्या म्हणजे चलाझाच्या बाजूला तीन अँटिपोडल, मधे दोन पोलर न्यूक्लिआय. मोजा, सेल सात आणि न्यूक्लिआय आठ. अँटिपोडल आणि एग ॲपरॅटस यांची अदलाबदल झाली असेल तर लाल गोल, आकृती कितीही सुंदर असू दे. दोन इंटेग्युमेंट वेगळे दिसतायत का, न्यूसेलसला लेबल आहे का, लेबलच्या रेघा एकमेकींना कापतायत का, रेघ खरंच त्या भागाला टेकलीय की हवेतच संपलीय, हे सगळं बघा. शेडिंग करत बसणाऱ्याला तिथेच थांबवा, त्याला वेगळे मार्क नाहीत.

आणि तपासणाऱ्याने लगेच तोंडी विचारायचं, डबल फर्टिलायझेशनमधे दोन मेल गॅमेट कुठे कुठे जातात? एक एग सेलला भेटून झायगोट, दुसरा मधल्या दोन पोलर न्यूक्लिआयच्या मिळून झालेल्या सेकंडरी न्यूक्लिअसला भेटून ट्रिप्लॉइड न्यूक्लिअस, ज्याचा पुढे एंडोस्पर्म होतो. बोट आकृतीवर ठेवून दाखवायला लावा, बोट हवेत फिरलं की समजा नीट नाही आलेलं.

क्रॉसेस

जेनेटिक्सच्या गणितांना वेगळी बैठक. इथे बहुतेकांचं चौकट काढण्यात चुकत नाही, प्रश्न वाचण्यात चुकतं. हिमोफिलियाचं साधं उदाहरण, आई कॅरियर (जीन आहे पण आजार नाही), वडील नॉर्मल. चौकटीत चार शक्यता येतात, नॉर्मल मुलगी, कॅरियर मुलगी, नॉर्मल मुलगा, हिमोफिलिक मुलगा. आता "एकूण अपत्यांपैकी किती टक्के बाधित" विचारलं तर 25, आणि "मुलग्यांपैकी किती टक्के" विचारलं तर 50. चौकट तीच, उत्तर वेगळं. म्हणून ग्रुपमधे एकाने क्रॉस सांगायचा आणि बाकी तिघांनी त्याच क्रॉसवर वेगवेगळे प्रश्न तयार करायचे. प्रश्न तयार करता आला म्हणजे समजलं.

लिहिताना पॅरेंट, गॅमेट्स, चौकट, रेशो असं सगळं दाखवा. रेशो फिनोटाइपचा की जिनोटाइपचा ते लिहिलंच पाहिजे. डायहायब्रिडचा 9:3:3:1 हा फिनोटाइपचा, तोही एफटू पिढीतला, हे न लिहिता नुसता आकडा टाकून पळणारे खूप आहेत.

लिहा आणि अदलाबदल करून तपासा

प्रत्येक बैठकीचा शेवटचा अर्धा तास फक्त लिहिण्याचा. एक तीन मार्कांचा आणि एक दोन मार्कांचा प्रश्न, घड्याळ लावून. मग वह्या बदलायच्या आणि मार्क द्यायचे, अर्धा-अर्धा मोजून. मैत्रीत कोणी तीनपैकी तीन द्यायचे नाहीत, आणि दिलेच तर कशाचे दिले ते सांगायचं.

सिकल सेल ॲनिमियावर समजा तीन मार्कांना विचारलं. एकाचं उत्तर असं असतं: "ही एक आनुवंशिक व्याधी आहे. यात रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. त्यामुळे रुग्णाला खूप त्रास होतो." तीन वाक्यं, दिसायला भरलेलं, पण मी तपासलं तर एक मार्क देईन, फार तर दीड. राहिलं काय? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, हे राहिलं. एका बेसच्या बदलाने, म्हणजे पॉइंट म्युटेशनने, जीएजी या कोडॉनचा जीयूजी होतो, हे राहिलं. दोन्ही जीन तसे असले तर आजार आणि एकच असला तर कॅरियर, हेही राहिलं. "खूप त्रास होतो" याला मार्क कोण देणार? ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात असं लिहा. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मुलांना हा आजार पुस्तकाबाहेरही माहीत असतो, ती हे उत्तर बोलून फार छान सांगतात, फक्त कागदावर सहावी जागा लिहायला विसरतात.

वाक्यापेक्षा मुद्दे लिहा, मुद्द्यातल्या मुख्य शब्दाखाली रेघ मारा. फरक लिहा असा प्रश्न असेल तर दोन कॉलमच, आणि समोरासमोर एकाच गोष्टीचा फरक हवा, इकडे आकार आणि तिकडे काम असं नाही चालत.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्यांसाठी एक गोष्ट. ग्रुपमधे बिनधास्त मराठीत समजवा, मराठीत भांडा, पण लिहिताना टर्म्स इंग्रजीत अचूक आल्या पाहिजेत. त्यासाठी एक वही फक्त स्पेलिंगची, रोज दहा शब्द, एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी लिहायचे, अगदी तिसरीतल्या श्रुतलेखनासारखं. ॲम्निओसेंटेसिस, एरिथ्रोपॉयसिस असले शब्द बोलताना येतात पण हात थबकतो. सायंटिफिक नावं लिहिताना खाली रेघ आणि पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्या शब्दाचं स्मॉल, हे पण त्याच वहीत तपासा.

भांडण झालं तर

होणारच. दोघं म्हणतात असं, दोघं म्हणतात तसं. नियम एकच, पाच मिनिटांत सुटलं नाही तर पुस्तक, पुस्तकात नाही मिळालं तर "सरांना विचारायचे" अशा यादीत टाका आणि पुढे चला. गाइडमधे वेगळं आणि पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक धरायचं. आणि एखादा सारखा उशिरा येत असेल, प्रश्न न काढता येत असेल तर दुसऱ्या वेळी सरळ सांगा, बाबा तू घरी कर. वाईट वाटेल, पण मार्चमधे त्याहून जास्त वाईट वाटतं.

प्रॅक्टिकलचं विसरू नका

30 मार्क आहेत आणि ते थिअरीच्या आधी होतं. जर्नल पूर्ण आणि सही झालेलं आहे ना हे एकमेकांचं तपासा. स्पॉटिंगसाठी मोबाईल एकदाच पिशवीतून काढायची परवानगी, कॉलेजच्या स्लाइडचे फोटो काढले असतील तर एकाने दाखवायचे, बाकीच्यांनी ओळखून दोन कारणं लिहायची. नुसतं नाव नाही, ओळखलं कशावरून ते. व्हायव्हासाठी एकाने एक्स्टर्नल बनायचं, आणि जरा खडूस बनायचं, मजा येते.

शेवटचे दिवस

पेपरच्या आठवडाभर आधी एक पूर्ण पेपर, तीन तास, चौघं एकाच खोलीत, बोलायचं नाही, मधे पाणी सोडून काही नाही. त्याच संध्याकाळी तपासा आणि प्रत्येकाने आपल्या कच्च्या पाच जागा एका कागदावर लिहा. इथून पुढे नवीन काही नाही, तोच कागद.

आदल्या दिवशी जमू नका. एकजण घाबरलेला असतो आणि तो बाकी तिघांना घाबरवतो, "अरे ते प्लांट हॉर्मोन्स केलंस का तू?" संध्याकाळी एक फोन पुरे, ज्याला जे अडलंय तेवढं विचारायचं, रात्री दहानंतर ग्रुप म्यूट. हॉलतिकीट, दोन पेनं, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी हे सगळं पाऊचमधे रात्रीच भरा. सकाळी सेंटरवर भेटलात की पुस्तकातलं काही विचारू नका कोणाला, सीट नंबर कुठल्या वर्गात आलाय ते बघा आणि आत जा.